एकच तक्रार, चारशे बारा वेळा

यावर कुणीही विश्वास ठेवणार नाही, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. ठेवलाच कुणी, तर त्याने तो आपल्यापाशीच ठेवावा, घरी जाऊन बोलू नये. घरचे कपाळाला हात लावून ताप बघतील. झालं एवढंच, की एका धुलाई कारखान्याच्या मॅनेजरने, कुणी न विचारता, स्वतःच्या बोटांनी स्वतःच्याच विरुद्ध तक्रार केली. एकदा नाही, चारशे बारा वेळा. आणि हे सगळं घडलं ते एका फॉर्मच्या पोटातल्या एका शब्दावरून, ज्याच्यापायी एक बाई हट्टाला पेटली होती.

कारखाना मोठा. सात इस्पितळांच्या चादरी, अकरा हॉटेलांचे टॉवेल, असं सगळं तिथे धुवायला यायचं. वाफ इतकी दाट, की माणसं एकमेकांना आवाजावरून ओळखायची. एकदा दोघीजणी अर्धा तास एका ट्रॉलीशी गप्पा मारत उभ्या होत्या, आणि ट्रॉली काही बोलत नाही म्हणून शेवटी रागावून निघून गेल्या. चादरी वाळवून, ताणून शेवटी जायच्या त्या रोलरवर. रोलर म्हणजे माणसाच्या कमरेएवढा जाड, दहा हात लांब, तापलेला लोखंडी दंडगोल. एका बाजूने चुरगळलेली चादर भरवायची, दुसऱ्या बाजूने ती कागदासारखी सपाट बाहेर येते.

या कारखान्यात कॉम्प्युटरचं सगळं काम एकच बाई बघायची. तिला म्हणायचे नन्नाबाई. कुणी काहीही मागितलं की तिचं पहिलं उत्तर “नाही”, दुसरं उत्तर “का?”, आणि तिसऱ्या वेळेला तिने मागितलेल्यापेक्षा चांगलं काहीतरी करून ठेवलेलं असायचं. पण तिसऱ्या वेळेपर्यंत थांबायला लोकांना धीर कुठला? म्हणून नाव पडलं ते पहिल्या उत्तरावरून. तिची खोली वाळवणाच्या पिंपांच्या बरोबर वर होती. पिंपं फिरायला लागली की जमीन अशी थरथरायची, की टेबलावरचा चहाचा कप आपला आपण डावीकडून उजवीकडे चालत निघायचा. तो समोरून जाताना नन्नाबाई एक घोट घ्यायची आणि पुढे काम करत राहायची.

तिने केलेला एक फॉर्म तर साऱ्या इस्पितळांत गाजला होता. गाठोड्याचा नंबर भरा, बटण दाबा, की गाठोडं कुठवर आलं ते कळतं. तो फॉर्म गेट पद्धतीचा. म्हणजे भरलेला नंबर ब्राउझरच्या वरच्या पट्टीत, पत्त्याला चिकटून दिसायचा. नर्सबाया तो पत्ता जपून ठेवायच्या, एकमेकींना पाठवायच्या, दिवसातून वीसदा उघडायच्या. कुणाचं काही बिघडत नव्हतं.

बिघडलं ते रोलरवर. रोलरच्या तोंडाशी, बोटांच्या उंचीवर, एक आडवी पट्टी असते. बोट त्या पट्टीला लागलं की रोलर जागच्या जागी थांबतो. पण चादरीची घडीही कधीकधी पट्टीला लागते, रोलर उगाच थांबतो, आणि माल उशिरा जातो. म्हणून साहेबांनी, म्हणजे मॅनेजरने, चारही रोलरच्या पट्ट्या तारेने घट्ट आवळून टाकल्या. महिन्याभरात एका बाईची तीन बोटं पट्टीपाशी पोचली आणि पट्टी हललीच नाही. नशीब तिचं, कातडीवर निभावलं. तिच्या शेजारणीने साहेबांना तोंडावर सांगितलं, “पट्टी सोडा.” दुसऱ्या दिवशी त्या शेजारणीची बदली मळक्या कपड्यांच्या छाटणीवर. तिथे इस्पितळाचे काय काय कपडे येतात, ते जेवायच्या आधी सांगू नये.

आणि रोलर नंबर दोनवर, सव्वीस वर्षं, नन्नाबाईची सख्खी आत्या उभी होती. हो, हीच, ही इथे बसली आहे ती. नाक मुरडते आहे, मुरडू दे.

आत्याला तक्रार करायची होती. पण छाटणीच्या नावाने ती मागे सरायची. “माझा गुडघा तिथे आठ दिवस टिकायचा नाही,” ती नन्नाबाईला म्हणायची, “आणि बोटं इथे किती दिवस टिकतील, देव जाणे.”

अशात दुसऱ्या शहरात राहणाऱ्या मालकीणबाईंचं पत्र आलं. प्रत्येक कामगाराला थेट माझ्याकडे तक्रार लिहिता आली पाहिजे, नाव घालायची सक्ती नको, मधे कुणी नको, त्यासाठी फॉर्म करा. नन्नाबाईने तो दोन दिवसांत केला. पोस्ट पद्धतीचा. साहेबांनी तिला काचेच्या केबिनमध्ये बोलावलं.

“बाई, हा फॉर्म गेटने करा.”

“नाही.”

“अहो, निदान विचारा तरी.”

“तेच विचारणार होते. का?”

“तुमचा तो गाठोड्यांचा फॉर्म गेटनेच आहे ना? झकास चालतो. लिहिलेलं सगळं वर पत्त्यात दिसतं. तसंच पाहिजे.”

“दिसतं म्हणूनच नको.”

साहेब खुर्चीत मागे रेलले. “मला मेहुण्यांनी सगळं समजावलंय. गेट काय, पोस्ट काय, दोन्हीकडून माल पोचतो. मग तुमचा हट्ट कशाला?”

“साहेब, आपण गाठोड्याला बाहेरून चिठ्ठी लावतो. तिच्यावर काय लिहितो? वॉर्ड आणि नग. आत कुणाची चादर आहे, ती कशाने मळली, हे चिठ्ठीवर लिहितो का?”

“वेड लागलंय का? इस्पितळवाले कोर्टात खेचतील.”

“गेट म्हणजे भराल ते सगळं बाहेरच्या चिठ्ठीवर. पोस्ट म्हणजे ते गाठोड्याच्या आत, बाहेर फक्त कुठे जायचं तेवढं. पोस्ट म्हणजे कुलूप नाही बरं का, कुलूप मी वेगळं लावलंय. पण चिठ्ठीवरच लिहून ठेवलं तर कुलपाचा उपयोग काय? चहाच्या खोलीत कॉम्प्युटर एक, माणसं नव्वद. तो उघडलेला प्रत्येक पत्ता लक्षात ठेवतो. पुढच्याने एक अक्षर दाबलं की मागच्याच्या तक्रारी रांगेने खाली उतरणार. आणि सर्व्हरच्या रोजच्या नोंदीत प्रत्येक पत्ता वेळेसकट उतरतो. ती नोंद रोज सकाळी छापून कुणाच्या टेबलावर येते, हे मी सांगायला नको.”

साहेबांनी टेबलावरचा तो कागदांचा गठ्ठा हळूच कोपराखाली सरकवला.

“आणि दुसरं,” नन्नाबाई थांबायला तयार नव्हती, “माझं गाठोडं कुठे आहे, हे शंभरदा विचारा, गाठोड्याला काही होत नाही. पण धुवा, धुवा, धुवा असं शंभरदा सांगितलंत तर चादरीची जाळी होईल. नुसतं विचारायचं तिथे गेट. काही घडवायचं तिथे पोस्ट. तक्रार ही घडवायची गोष्ट आहे.”

“झालं तुमचं? सोमवारपर्यंत गेट. नाहीतर सर्व्हरच्या खोलीची किल्ली इथे ठेवा.”

तिने किल्ली काढून टेबलाच्या काचेवर ठेवली. अशी ठेवली, की तिचा आवाज चार नंबरच्या रोलरपर्यंत ऐकू गेला, आणि तिथल्या बाया म्हणे घाबरून दोन पावलं मागे सरल्या.

“म्हणजे राजीनामा देताय?” साहेबांचा चेहरा खुलला.

“नाही,” नन्नाबाई म्हणाली, “तेही करणार नाही.”

घरी आत्याने तिला फैलावर घेतलं. “अगं, एका शब्दासाठी नोकरी घालवून बसशील! लिही ना त्याला हवा तो शब्द. आम्ही काय, नाही लिहिणार तक्रारी.”

“तेच तर त्याला हवंय, आत्या.”

“असू दे हवं. तुला काय पडलंय?”

“त्या शब्दात तुझी बोटं आहेत,” नन्नाबाई म्हणाली, आणि ताट घेऊन उठली.

शनिवारी साहेबांचे मेहुणे आले. फार मोठे जाणकार. त्यांनी किल्लीने खोली उघडली, फॉर्ममधला एक शब्द खोडून तिथे दुसरा घातला, आतल्या बाजूला, सर्व्हरवरही तसंच केलं, आणि जाता जाता तीन टॉवेल नेले. 

सोमवारी सकाळी नन्नाबाई थेट चहाच्या खोलीत गेली. फॉर्म उघडला, तक्रारीच्या रकान्यात “चाचणी” एवढाच शब्द लिहिला आणि बटण दाबलं. वरच्या पट्टीत, पत्त्याच्या शेपटीला, तो शब्द ठसठशीत दिसला. तिने कॉम्प्युटरची वायर काढली, कारण भांडण माणसाशी होतं, यंत्राशी नव्हतं. खाली गेली, धुलाईच्या पिंपातून नुकतीच निघालेली एक ओलीकच्च चादर खांद्यावर टाकून वर आली, आणि ती तिने कॉम्प्युटरवर अशी पांघरली, की त्याचं नखही दिसेना. मग खुर्ची ओढली आणि चादरीला पाठ लावून बसली.

“हा फॉर्म असा आहे तोवर,” ती आलेल्या-गेलेल्याला सांगायची, “कुणी यात एक अक्षर लिहायचं नाही. लिहिलंत की साहेबांच्या टेबलावर वाचायला मिळेल.”

मुकादम आला. “बाई, उठा बघू.”

“नाही.”

“मला वरून सांगितलंय.”

“मग वरच्यांना खाली पाठवा.”

“अहो, तुमचं काम कोण करणार?”

“इथे बसूनच करते आहे. हेच माझं काम आहे.”

मुकादमाने आजूबाजूला पाहिलं. खोलीतल्या वीस-पंचवीस बायांनी चहाचे कप तोंडाला लावले होते आणि कपाच्या कडेवरून सगळ्या त्याच्याकडेच बघत होत्या. त्याला एकदम आठवलं, की त्याला बॉयलरपाशी काहीतरी काम आहे.

तीन दिवस ती हलली नाही. चादर इतकी ओली होती, की दुसऱ्या दिवशी खोलीच्या छताशी एक लहानसा ढग जमला आणि दुपारच्या सुट्टीत लोकांच्या चहात चार-चार थेंब पडले. साखर कमी झाल्याची तक्रार आली, पण ती तोंडी, आणि तिचा फॉर्मशी संबंध नाही.

तिसऱ्या दिवशी मालकीणबाईंचा साहेबांना फोन. “माझ्याकडे ‘चाचणी’ या एका शब्दापलीकडे काहीच आलं नाही. का?”

“तक्रार असेल कशाला, बाई? सगळे कसे सुखात आहेत.”

“नव्वद माणसं आणि एकही तक्रार नाही? माझ्या घरात आम्ही दोघीच आहोत, तरी रोज पाच येतात. फॉर्म चालतो का तुमचा?”

“चालतो म्हणजे काय! धावतो!”

“मग तो लोकांपर्यंत पोचवा. आजच्या आज.”

साहेबांनी फोन ठेवला आणि घाम पुसला. चादरीपाशी जाऊन भांडण्याची सोय राहिली नव्हती. पण माणसांच्या खिशात फोन होते. प्रत्येकाच्या फोनवर फॉर्म धाडला, की ती बाई बसेल चादर कवटाळून! फॉर्म चालतो की नाही याची आधी खात्री करावी म्हणून त्यांनी तो आपल्या केबिनमध्ये उघडला आणि स्वतःच भरून पाहिला. विभाग: व्यवस्थापन. नाव: त्यांनी स्वतःचं पूर्ण नाव घातलं, सवयच ती. तक्रारीच्या रकान्यात काय लिहावं? चाचणीच ती, कोण वाचतंय? मनात जे खदखदत होतं ते बोटांतून उतरलं:

“मालकीणबाईंना कारखान्यातलं ओ की ठो कळत नाही. रोलरच्या पट्ट्या मी स्वतः तारेने बांधल्या म्हणून माल वेळेवर जातो. एखाद्या बाईचं बोट भाजलं तर कुठे बिघडलं?”

बटण दाबलं. “तुमची तक्रार पोचली,” असं पान आलं, खाली त्यांनी लिहिलेलं सगळं. वा! साहेब खूश. मग त्यांनी वरच्या पट्टीतला पत्ता उचलला आणि साऱ्या कामगारांच्या ग्रुपवर पाठवायला घेतला. तो उचलताना त्यातली मराठी अक्षरं गेली आणि दीड वीत लांब असं टक्क्यांच्या चिन्हांचं आणि आकड्यांचं भेंडोळं झालं. साहेबांना वाटलं, पत्ते असेच असतात. त्याखाली त्यांनी लिहिलं: “फॉर्म व्यवस्थित चालतो. घाबरण्याचं कारण नाही. सर्वांनी उघडून बघावा.”

सर्वांनी उघडून बघितला.

आता तुम्हीच विचार करा. पत्त्याच्या शेपटीला सगळा मजकूर चिकटलेला. तो उघडला की रिकामा फॉर्म येत नव्हता. साहेबांची तक्रार पुन्हा भरून, पुन्हा बटण दाबल्यासारखी, मालकीणबाईंकडे रवाना होत होती, आणि बघणाऱ्यासमोर मजकूर झळकत होता. आत्याने चष्मा कपाळावरून नाकावर घेतला आणि रोलरपाशी उभं राहून तो खणखणीत वाचला. मग तिने शेवटचं वाक्य पुन्हा वाचलं, जास्त मोठ्याने.

ज्यांनी ऐकलं त्यांना खरं वाटेना, म्हणून त्यांनी स्वतः उघडलं. ज्यांनी उघडलं त्यांनी नवऱ्याला पाठवलं, नणंदेला पाठवलं. काही फोन तर असे आगाऊ, की मेसेज आला की माणसाच्या आधी स्वतःच आत डोकावून येतात; तेही मोजले गेले. तासाभरात मालकीणबाईंच्या टपालात तीनशे नव्वद तक्रारी, सगळ्या एकाच माणसाच्या, सगळ्या एकाच मजकुराच्या.

साहेबांच्या कानावर गेलं तेव्हा त्यांना पटेना. त्यांनी बघायला पत्ता उघडला. तीनशे एक्क्याण्णव. डोळे चोळून परत उघडला. तीनशे ब्याण्णव. मेहुण्यांना फोन लावला. मेहुणे म्हणाले, “असं होणंच शक्य नाही, थांबा, बघतो,” आणि त्यांनी खात्री करण्यासाठी लागोपाठ एकोणीस वेळा बघितलं. मग साहेबांनी, आता तरी थांबलं असेल या आशेने, शेवटचा एकदा उघडला. चारशे बारा.

ते चहाच्या खोलीत आले तेव्हा त्यांचा चेहरा नुकताच रोलरमधून निघाल्यासारखा पांढरा आणि सपाट झाला होता. नन्नाबाई तशीच बसलेली. मागे बायांची भिंत.

“बाई, थांबवा हो हे.”

“नाही.”

“आता का नाही?”

“माझ्याकडे किल्ली कुठे आहे?”

किल्ली त्यांच्याच हातात होती. ती त्यांनी पुढे केली. नन्नाबाईने ती लगेच घेतली नाही. “हा फॉर्म पोस्टच राहणार. छापील नोंद उद्यापासून तुमच्या टेबलावर येणार नाही. आणि मेहुणे या इमारतीत पाऊल ठेवणार नाहीत.”

“कबूल.”

“मोठ्याने.”

“कबूल!” साहेब ओरडले, आणि पिंपांच्या घरघरीतही ते सगळ्यांनी ऐकलं.

ती उठली, आत गेली, मेहुण्यांचा शब्द खोडून आपला घातला, दोन्हीकडे. आता तो लांबलचक पत्ता कुणी कितीही वेळा उघडला तरी नुसता कोरा फॉर्म समोर येत होता. मग तिने चादर काढली, घडी घातली, वायर लावली. कॉम्प्युटर जागा झाला.

आणि पट्ट्यांचं काय झालं म्हणता? तर ऐका. मालकीणबाईंनी ती चारशे बारावी तक्रार वाचली मात्र, त्या तशाच पायातल्या सपातांवर निघाल्या. दोनशे मैलांचं अंतर त्यांनी अकरा मिनिटांत कापलं. गाडीची चाकं तापून रस्ता तीन ठिकाणी वितळला, तो अजून तसाच आहे. धाडकन दार उघडून त्या आत आल्या, वाफ घाबरून दोन्हीकडे सरली, आणि साऱ्या कारखान्यासमोर मालकीणबाईंनी आपल्या नाजूक हातांनी, नुसत्या नखांनी, चारही रोलरच्या तारा एका दमात तटातट...

“खोटं!”

आत्या उभी राहिली होती.

“अकरा मिनिटं म्हणे! इतका वेळ ऐकून घेतलं, भाऊ, ढगसुद्धा ऐकून घेतला, पण हे नाही हं चालायचं. मालकीणबाई आल्या त्या पुढच्या आठवड्यात, गुरुवारी. तोवर आम्ही काय बोटं रोलरवर ठेवून त्यांची वाट बघत होतो? तारा मी तोडल्या. त्याच दुपारी. बॉयलरवरून पक्कड आणली आणि साहेबाच्या डोळ्यांदेखत चारही तोडल्या, मुकादम नको नको म्हणत असताना. मग वर गेले, ह्या पोरीच्या फॉर्मवर पहिली तक्रार लिहिली, आणि गरज नव्हती तरी खाली माझं नाव घातलं. हे सांग लोकांना.”